यष्टीमागचा माणूस

गावच्या संघात यष्टिरक्षक कोण होतो? ज्याला कुणी फलंदाजी देत नाही आणि चेंडूही देत नाही, तो! मीही असाच यष्टीमागे जाऊन बसलो. एकदा आईने पाहिले आणि म्हणाली, "आम्ही हळदीत खुरपायला बसतो, तसंच दिवसभर बसतोस की रे! मग मजुरी कोण देतं?"

गेल्या वर्षी अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात माझ्या हातून झेल सुटला. आम्ही हरलो. मी हातमोजे माळ्यावर टाकले. त्याच दिवसांत चंद्रकांत पंडित यांच्याविषयी वाचनात आले.

१९६१ साली मुंबईत जन्मलेला हा यष्टिरक्षक. १९८६ ते १९९२ या काळात भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळला. किरण मोरे असताना हातमोजे क्वचितच मिळायचे. पुढे मुंबई सोडून ते मध्य प्रदेशकडे गेले, कर्णधार झाले. १९९९ साली बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजीचा अंतिम सामना होता. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेऊनही मध्य प्रदेश ९६ धावांनी हरला.

पुढे पंडित प्रशिक्षक झाले. मुंबईला तीनदा रणजी करंडक मिळवून दिला. मग विदर्भात आले. आमच्याकडून पैनगंगा ओलांडली की विदर्भच! त्या विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा करंडक जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा. आणि जून २०२२ मध्ये त्याच चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशने मुंबईला हरवले. पंडितांच्या डोळ्यांत पाणी आले. मधे २३ वर्षे गेली होती.

पण मनात येते, जिंकणारे अकरा जण तर दुसरेच होते. हे स्वतः सीमारेषेबाहेर! मग जुनी हार फिटली का? मला वाटते, हार फिटत नसते. यष्टिरक्षकाला मात्र जवळजवळ सगळे खेळाडू समोर दिसतात. कोण दमला, कोण घाबरला, हे त्याला आधी कळते. हातमोजे काढले तरी ती नजर कुठे जाते?

मी हातमोजे माळ्यावरून काढले आहेत. संध्याकाळी सहावीतला एक मुलगा येतो. त्याला उकिडवे बसायला शिकवतो. माझा सुटलेला झेल तो काही परत आणणार नाही. त्याला त्याचे झेल घ्यायचे आहेत.

मजुरीचे मात्र आईला अजून सांगता आलेले नाही.