पात्र

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आम्ही अकरा वर्षे मराठी शिकवीत आहोत. मुख्य पात्र, गौण पात्र, पात्रचित्रण हे शब्द वर्गात आम्ही इतक्या वेळा उच्चारले, की त्यांना दुसराही अर्थ आहे याचे भान उरले नव्हते. ते भान एका विद्यार्थिनीच्या आईने आणून दिले.

द्वितीय वर्षातील ही मुलगी दिवाळीनंतर वर्गात दिसेनाशी झाली. तिच्या वडिलांनी आत्महत्या केल्याचे कळले तेव्हा आम्ही तिच्या घरी गेलो. सांत्वनाची वाक्ये मनाशी जुळवीत असतानाच आईने फडताळातून एक कागद काढून पुढे केला.

"सर, आमाले अपात्र केलं म्हणते. आमचं काय चुकलं जी?"

चुकले काहीच नव्हते. अशा प्रसंगी कुटुंबाला १ लाख रुपयांचे साहाय्य देण्याचा शासननिर्णय २००६ चा. त्यातले ३० हजार हाती मिळतात, ७० हजार ठेवीत जातात. मात्र कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे अथवा परवानाधारक सावकाराचे असावे, ते थकलेले असावे, वसुलीचा तगादा असावा. इथे बियाण्याची, खताची उधारी दुकानदाराच्या वहीत होती आणि उरलेले कर्ज कोणत्याच वहीत नव्हते. दुःख खरे होते, पुरावा नव्हता.

मग आम्ही कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो. एका मेजावरून दुसऱ्या मेजाकडे जाताना आमचे साक्षरत्व गळून पडत गेले. संदर्भ कसे शोधावेत हे विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या आम्हांला एका विधवेने कोठे अर्ज करावा, हे सांगता येईना.

ते ठाऊक होते गावातल्या आशाताईंना. मृत्यूचे कारण न विचारणारी दारेही आहेत, हे आम्हांला त्यांच्याकडून कळले. संजय गांधी निराधार योजनेतून विधवेला दरमहा अनुदान मिळते. कमावता माणूस गेलेल्या दारिद्र्यरेषेखालील घराला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदा २० हजार मिळतात. कोणता दाखला कोणाकडून आणि कोणत्या वारी घ्यावा, हे त्यांना तोंडपाठ होते. शिवाय, आम्हांला न सुचलेला प्रश्न त्यांनी विचारला : "ताई, झोप येते का?" विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत २०१५ साली सुरू झालेल्या 'प्रेरणा' प्रकल्पात घरोघरी जाऊन असे प्रश्न विचारण्याचे काम आशांकडे आले होते. त्या स्वतः आईला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेल्या.

मृग लागला तेव्हा शेजारच्या बायांनी पाळीपाळीने येऊन तिच्या वावरात कपाशी टोबली. त्यासाठी अर्ज लागला नाही. निराधारचे अनुदान पुढे काही महिन्यांनी सुरू झाले. मुलीचे एक वर्ष बुडाले. परीक्षा तिने पुढच्या वर्षी दिली. 'अपात्र' हा शेरा मात्र कायम आहे.

आशाताईंनी सांगितलेले सारे आम्ही शुद्ध मराठीत लिहून काढले आणि विभागाच्या फलकावर लावण्यापूर्वी त्यांना दाखविले. त्यांनी 'मानसिक समुपदेशन केंद्र' या शब्दांवर काट मारली आणि वर लिहिले : 'मन मोकळं करायची जागा'.

फलकावर आम्ही तोच कागद लावला आहे, त्यांच्या खाडाखोडीसह.