बांगड्यांचा आवाज

भोसले घाटाच्या पायऱ्यांवर सकाळी बसलं की ऊन समोरून येतं. गंगा इथे उत्तरेकडे वाहते, काठाचं तोंड पूर्वेला, आणि पलीकडे नुसती वाळू. उजव्या हाताला सिंधिया घाटापलीकडे मणिकर्णिकेचा धूर दिसतो, डाव्या हाताला काठाकाठाने गेलं की पंचगंगा. पाठीमागे नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत उभारलेलं दगडी बांधकाम, वर लहान लहान खिडक्या आणि लक्ष्मीनारायणाचं देऊळ. एका हिंदी कादंबरीचा अनुवाद करते आहे. तिच्यातली बनारसी बोली कोशात सापडेना, म्हणून तीन आठवडे इथे राहायला आले होते. त्या सकाळी मात्र मांडीवर वेगळ्याच कामाची वही होती.

महाराष्ट्रातल्या एका विभागाने एम.ए.च्या मुलांच्या निरोप समारंभाला बोलावलं होतं. ‘चार गोष्टी सांगा मुलांना,’ असं विभागप्रमुख फोनवर म्हणाले. मी हो म्हटलं आणि मग आठ दिवस एक ओळही लिहिता आली नाही.

कारण अशा चार गोष्टी मी आठ वर्षांपूर्वी एकदा सांगितल्या होत्या. मनासारखं काम निवडा, पैसा मागाहून येतो, भीतीपोटी घेतलेली नोकरी माणसाला आतून पोखरते, असं बरंच काही. टाळ्या पडल्या. समोरच्या रांगेत बसलेल्या एका मुलीने त्या आठवड्यात बँकेतली मिळालेली नोकरी नाकारली आणि अनुवाद करायचं ठरवलं. हात चांगला होता तिचा. मीच तिला पहिलं काम मिळवून दिलं. तीन वर्षं तिने रेटून नेलं. मग वडील आजारी पडले, दोन पुस्तकांचे पैसे अडकले, धाकट्या भावाची फी थकली. ती पुन्हा बँकेच्या परीक्षेकडे वळली तेव्हा वयाची अट उलटून गेली होती.

हे मला कळलं तिच्याच फोनवरून. चिडली नव्हती. बोलता बोलता एवढंच म्हणाली, “मॅडम, तुमच्या घरी तेव्हा भाडं कोण भरत होतं, ते तुम्ही सांगितलं नव्हतं.”

भाडं नवरा भरत होता. मी अनुवाद करायला लागले तेव्हा पहिली सात वर्षं घर त्याच्या पगारावर चाललं. माझ्या पहिल्या पुस्तकाला नऊ महिने लागले, त्याचे एकरकमी वीस हजार मिळाले, तेही पुस्तक निघाल्यावर अकरा महिन्यांनी. यातलं काहीच मी त्या भाषणात म्हटलं नव्हतं. खोटं बोलले नव्हते. फक्त तेवढं गाळलं होतं. अनुवादकाला गाळणं म्हणजे काय ते कळायला हवं. मुळातलं एक वाक्य सोडलं तरी पुढचा सगळा परिच्छेद वेगळं बोलू लागतो.

शिकून बाहेर पडणाऱ्यांना उपदेश करण्याची आपली प्रथा फार जुनी. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत वेद शिकवून झाल्यावर आचार्य शिष्याला काय सांगतो ते आलं आहे, आणि आजही कितीतरी विद्यापीठांच्या दीक्षान्त समारंभांत त्यातली वचनं म्हटली जातात. खरं बोल, आईवडिलांना देव मान, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच उपदेशात पुढे आचार्य म्हणतो की आमची जी चांगली वागणूक असेल तेवढीच उचल, बाकीची नको. एम.ए.ला असताना मला तो नुसता विनय वाटला होता. आता वाटतं, ती अट आहे आणि ती शिष्याइतकीच आचार्यालाही लागू पडते. बाकीची सोडायची तर ती शिष्याला दिसायला तर हवी! चांगलं तेवढं दाखवून उरलेलं झाकलं, तर त्याने निवड कशातून करायची?

काशीत मराठी माणूस अनुवादाचं काम घेऊन बसला की त्याला एकनाथ आठवतातच. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची त्यांची टीका, अठरा हजारांहून जास्त ओव्यांची, शके १४९५ म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये याच नगरीत पुरी झाली. सुरुवात पैठणची. प्राकृतात भागवत आणलं म्हणून काशीच्या पंडितांनी नाथांना जाब विचारायला बोलावून घेतलं आणि शेवटी त्यांच्या ग्रंथाचा सन्मान केला, अशी आख्यायिका आहे.

त्या अकराव्या स्कंधातच यदू आणि अवधूत यांचा संवाद येतो. यदू राजा आहे, पण तो अवधूताला ‘मी काय करू’ असं विचारत नाही. तू असा मोकळा, आनंदी दिसतोस, ही बुद्धी तुला आली कुठून, असं विचारतो. अवधूत चोवीस गुरू सांगतो: पृथ्वी, वारा, समुद्र, कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, बाण घडवणारा कारागीर. यातल्या एकानेही त्याला उपदेश केलेला नाही. ते आपापलं जगत होते, याने पाहिलं आणि आपल्या बुद्धीने घेण्यासारखं घेतलं. पतंगाकडून तर त्याने काय करू नये तेच घेतलं. शिवाय या गुरूंचं आपसात जुळतही नाही. अजगर जागचा न हलता मिळेल त्यावर राहतो, मधमाशी फुलाफुलावर हिंडून थोडं थोडं जमवते. मुलांना नोकरी धरा म्हणावं की सोडा म्हणावं, याचं एकच उत्तर मी आठ दिवस शोधत होते. अवधूताने ते शोधलेलंच नाही.

चोवीस जणांत एक कुमारी आहे. तिला मागणी घालायला पाहुणे आलेत आणि घरात कोणी नाही. त्यांच्यासाठी ती आत साळी कांडायला बसते, तर हातातली कांकणं वाजू लागतात. आपलं दारिद्र्य पाहुण्यांना कळेल या लाजेने ती एकेक काढत जाते. दोन उरतात तरी आवाज होतोच, तेव्हा दोन्ही हातांत एकेकच ठेवते. अवधूत यातून एकान्ताचा धडा घेतो: अनेक जण जमले की कलह, दोघे असले तरी बोलणं, म्हणून एकट्यानेच असावं.

ही गोष्ट मी वर्गात कितीदा ऐकली असेल. घाटावर ती आठवली तेव्हा मला एकान्त दिसला नाही, ती मुलगी दिसली. पाहुण्यांना घरची परिस्थिती कळू नये म्हणून तिने आवाज बंद केला होता. मीही तेच केलं होतं, फक्त उलट्या बाजूने. तिने घरातली उणीव झाकली, मी घरातला आधार झाकला. माझे तांदूळ कोण कांडत होतं ते समोरच्या मुलांना ऐकू जाऊ दिलं नाही.

मी वहीत लिहायला लागले. घरभाडं, सात वर्षं, वीस हजार, अकरा महिने. करार न वाचता केलेली सही, आणि त्यापायी मुखपृष्ठावर न आलेलं माझं नाव. ज्या परीक्षांना वयाची अट आहे त्यांच्या तारखा भिंतीवर लावून ठेवा, हेही लिहिलं. निरोपाच्या भाषणात ते बरं दिसत नाही, तरी लिहिलं. आणि या कामात मला मिळालेला आनंदही लिहिला, कारण तो गाळला असता तर तीही लबाडीच झाली असती. शेवटी एवढंच की तुम्हाला सल्ला द्यायला जो कोणी उभा राहील, मीसुद्धा, त्याला विचारा: तेव्हा तुमचं घर कशावर चालत होतं?

मग त्या मुलीला फोन केला. ती आता तालुक्याच्या गावी शिकवण्या घेते आणि पहाटे दोन तास अनुवाद करते. तुझी हकीकत सांगू का, असं विचारलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, ती गॅस बंद करून आली.

“सांगा की. नाव नको,” ती म्हणाली. “आणि मॅडम, बिचारी म्हणून नका सांगू. नोकरी मी सोडली होती, तुम्ही नाही. तुम्ही फक्त अर्धंच सांगितलं.”

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. भाषणाची सुरुवात त्यानेच करणार आहे.