अण्णांचं देणं

लिनक्सवर चालणारी यंत्रं बिघडली की ती मार्गी लावणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तो ज्यांच्याकडून शिकलो, ते अण्णा इंग्रजी अक्षरं बोट ठेवून वाचत. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी उमेदीची वर्षं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात घालवली. टेपरेकॉर्डरचा जमाना सरला, तसे ते एका कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागले. २००३च्या सुमारास मी तिथेच सिस्टिम ॲडमिन म्हणून रुजू झालो. कागदोपत्री मी त्यांचा वरिष्ठ होतो. कागदाबाहेर ही उतरंड फार दिवस टिकली नाही.

एका यंत्रावर कर्नल कंपाइल करायला घेतला होता. अर्ध्यावर येऊन कंपायलर ‘सिग्नल ११’ देत मरायचा. लॅबमधली पोरं कंपायलरच्या नावानं बोटं मोडत होती. अण्णा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “परत चालव की. कुठल्या फायलीवर मरतंय, तेवढं लिहून ठेव.” पुन्हा पुन्हा चालवला; दर खेपेला फाइल वेगळी. अण्णांचा निकाल तयार होता : “प्रोग्रामात खोट असती तर त्याच जागी मेला असता. जागा बदलतीय म्हंजे खालचं सामान दगा देतंय. रॅम काढ.”

कांड्यांचे सोनेरी संपर्क खोडरबरानं घासून झाले, फरक पडला नाही. मग एकेक कांडी लावून रात्रभर ‘मेमटेस्ट८६’ चालू ठेवला. एका कांडीनं सकाळी पडदाभर चुकीच्या पत्त्यांची यादी दाखवली. यामागचं कारण मी नंतर वाचलं. कंपायलर मेमरीत पत्त्यांच्या लांबलचक साखळ्या रचतो. त्यातला एक बिट जरी उलटला, तरी तो भलत्याच जागी हात घालतो आणि कर्नल त्याला तिथल्या तिथे थांबवतो. अण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण कधी चालतो, कधी बंद पडतो असा रेडिओ त्यांनी आयुष्यभर उघडला होता आणि त्या जातीचा बिघाड ते लांबून ओळखत.

दुसरी आठवण सर्व्हरची. डिस्क अडखळत होती. पुरवठादारानं ती पाहून नव्या डिस्कचं कोटेशनही देऊन टाकलं होतं. कर्नलच्या नोंदी दाखवणारी ‘डीमेसेज’ आज्ञा दिली, तर ‘एचडीए’च्या पुढे ‘बॅड सीआरसी’ असे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. अण्णांनी त्यावर बोट ठेवलं. “हे काय म्हणतंय?” मी सांगितलं की डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात जी माहिती जाते, तिच्यासोबत पडताळणीचा एक आकडा जातो, तो जुळत नाहीये. “म्हंजे घरात न्हाई, वाटेत बिघडतंय.”

‘स्मार्टसीटीएल’नं डिस्कची स्वतःची नोंदवही उघडली. खराब होऊन बदललेल्या सेक्टरांचा आकडा शून्य होता. १९९ क्रमांकाची ओळ, म्हणजे सीआरसीच्या चुका, तेवढी वाढत होती. कॅबिनेट उघडलं. ८० तारांची चपटी केबल पॉवर सप्लायखाली घडी पडून दबली होती. केबल बदलली. १९९चा आकडा मागे जात नसतो, पण तो आहे तिथे थांबला. कोटेशन फाइलला लागलं ते लागलंच.

शिकवणं म्हणून अण्णांनी कधी काही शिकवलं नाही. त्यांच्या सवयी मात्र मला चिकटल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलण्याआधी वहीत लिहायचं. खोलात शिरण्याआधी टॉर्च मारून मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत का बघायचं; त्या वर्षांत फुगलेल्या कपॅसिटरांची साथच होती. आणि समोरच्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. मी कधी वैतागून “तुम्हीच करा ना” म्हटलं, तर उत्तर ठरलेलं : “माझ्या हातानं झालं तर तुझ्या ध्यानात काय ऱ्हाणार?”

सॉफ्टवेअरचं ते मला विचारत आणि त्या विचारण्यातूनच वाट निघे. एकदा ‘डीएफ’ डिस्क भरल्याचं सांगत होता आणि ‘डीयू’च्या बेरजेत निम्मीही भरत नव्हती. मी समजावलं की युनिक्समध्ये फाइल पुसली म्हणजे तिचं नाव जातं; एखाद्या प्रोग्रामनं ती उघडून ठेवली असेल, तर जागा अडकूनच राहते. अण्णा म्हणाले, “मग धरून कोण बसलंय, ते दाखव.” ‘एलएसओएफ’नं दाखवलं : कुणीतरी भलीमोठी लॉग फाइल पुसली होती आणि लॉग लिहिणारी सेवा अजून तिच्यातच लिहीत होती. सेवा पुन्हा सुरू केली, जागा मोकळी झाली.

अण्णांमुळे मी दूरच्या माणसांचंही देणं मोजायला शिकलो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये हेलसिंकीत शिकत असताना कर्नल लिहायला घेतला, हे सगळे सांगतात. पण ‘मेमटेस्ट८६’ लिहिणारे क्रिस ब्रॅडी, किंवा ‘स्मार्टसीटीएल’ ज्या संचात येतो तो सुरू करणारे, गुरुत्वीय लहरींचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस ॲलन, यांची नावं आमच्या धंद्यातल्या किती जणांना माहीत असतील? युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती १९७१ची. त्याच्या पानांवर ‘बग्ज’ नावाचा भाग असतो, त्यात आपल्या प्रोग्रामातल्या उणिवा लिहायच्या असतात. हे सांगितल्यावर अण्णा खूश झाले. “आपल्या मालाची खोट आपणच लिहून देणारा कारागीर पयल्यांदा ऐकला.”

अण्णा निवृत्त झाले तेव्हा कॉलेजनं नारळ आणि शाल दिली. माझ्याकडून काही घ्यायला ते तयार नव्हते. असलं देणं परत करायचं नसतं, पुढे द्यायचं असतं. म्हणून या धंद्यातल्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती : शेजारी नवा मुलगा किंवा मुलगी अडून बसली असेल, तर त्यांच्या हातातला कीबोर्ड ओढून घेऊ नका. पडद्यावर आलेला संदेश त्यांना मोठ्यानं वाचायला सांगा आणि तो पुरा होईपर्यंत गप्प बसा.