अर्धी वाकळ

पुरुषाच्या हाती सुई येते ती बहुधा बटण तुटल्यावर, आणि तीही घरात दुसरे कोणी नसताना. शिंप्याचा अपवाद कोणी पुढे करील, पण त्याची सुई यंत्राला बसवलेली असते. मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो. दहावी झालो, चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि खडू हातात धरला, त्याला आता पंचवीस वर्षे होत आली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या किती पोरांवर ‘रेघ सरळ काढ रे’ म्हणून ओरडलो असेन, त्याची गणती नाही. फावल्या वेळात दोन कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांतल्या बायका दारात बसून काहीबाही शिवत असतात, असे मी बेधडक लिहून ठेवले आहे. पण स्वतः सुईत दोरा ओवण्याची पाळी माझ्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी आली, आणि सरळ रेघ म्हणजे काय चीज आहे हे तेव्हा कळले.

आमचे गाव कऱ्हाडपासून फार लांब नाही. इकडे गोधडीला वाकळ म्हणतात. गोधडी म्हणणारेही आहेत, पण ते बहुतेक पुण्याला राहून आलेले.

2021 च्या एप्रिलात माझी पत्नी गेली. तो महिना कसा होता हे वाचकांना सांगायला नको; ज्याच्या त्याच्या घरात, नाहीतर शेजारात, त्याची खूण राहून गेली आहे. नवव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. तिला घरी आणता आले नाही. अंगावर तिचे आवडते लुगडे घालणे दूरच, एखादे पांघरूणही माझ्या हाताने घालता आले नाही. एवढे सांगतो आणि पुढे जातो.

घरात मी आणि आठवीतून नववीत गेलेली लेक. दोघेही एकमेकांना जपत होतो, म्हणजे काय, तर बोलत नव्हतो. तिने आईचे नाव काढले तर मला त्रास होईल असे तिला वाटे, मी काढले तर तिला होईल असे मला. दीड वर्ष आम्ही असे शहाण्यासारखे काढले. 2022 च्या मार्गशीर्षात थंडी जरा जास्तच पडली. अंथरुणे कमी पडतात म्हणून मी माळ्यावरची ट्रंक खाली घेतली, आणि तिच्यात वरच ती अर्धी वाकळ निघाली.

ज्यांनी वाकळ नुसती पांघरली आहे, शिवताना पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वाकळ कडेकडून शिवत आत जातात. चारी कडांनी धावदोरा घालायचा, फेरी पुरी झाली की बोटभर आत सरकून दुसरी फेरी, मग तिसरी. दोरा असा फिरत फिरत मध्यावर येतो. त्यामुळे अर्धवट राहिलेल्या वाकळेच्या कडा पक्क्या असतात आणि पोट मोकळे राहते. तिने अकरा फेऱ्या घातल्या होत्या. मध्ये चित्रकलेच्या फळीएवढा चौकोन तेवढा राहिला होता. बाराव्या फेरीच्या सुरुवातीला सुई तशीच टोचलेली होती, हातभर दोऱ्यासकट. सुईला गंज चढून कापडावर तपकिरी ठिपका उमटला होता. टाके म्हणाल तर तांदळाच्या दाण्याएवढे. दाण्याशेजारी दाणा मांडावा तसे.

त्या रात्री लेक निजल्यावर मी नवी सुई घेऊन बसलो. का बसलो ते विचारू नका. वाकळ मांडीवर पसरली, जीभ दातांत धरली आणि वीतभर शिवण घातली. तेवढ्यात शेजारच्या आत्ती दुपारी नेलेले पातेले परत करायला आल्या. त्यांचे वय तेव्हा शहात्तर. मी लगबगीने उठलो, तो माझ्याबरोबर वाकळही उठली. वीतभर शिवणीत शेवटचे सहा टाके मी थेट पायजम्यातून घातले होते.

“आवं मास्तर,” आत्ती दारातूनच म्हणाल्या, “वाकळ शिवताय का सोताला शिवून घेताय?”

मग खाली बसून त्यांनी माझी सुटका केली. सुटका करताना माझ्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. “ह्यो टाका न्हवं, ही बैलगाडी हाय,” असा निकाल देऊन सगळे उसवले. आवाजाने लेक उठून आली होती. ती हसली नाही. दाराला टेकून उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, “बाबा, आईचं ते बिघडवू नका.”

दीड वर्षात तिच्या तोंडून ‘आई’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, तो असा. मी वाकळेची घडी घालून ट्रंकेत ठेवली. आत्ती काही बोलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, “शनवारी शाळा सकाळची असती न्हवं? दुपारी सोप्यात या. दुसऱ्याच्या वाकळंवर हात बसवा आदी.”

आत्तींच्या सोप्यात शनिवारी चारपाच बायका जमतात. कोणाची लेक बाळंत व्हायची असते, कोणाला लग्नात द्यायला हवी असते, आणि हल्ली शहरातूनही कोणी कोणी पैसे देऊन शिवून घेते. मी गेलो त्या दिवशी सोपा एकदम गप्प झाला. डोक्यांवर पदर आले. गावातल्या कोणाच्या सुनेचे कोणाशी पटत नाही ही चर्चा ऐन रंगात आली असावी, ती तशीच तुटली. मी भिंतीला चिकटून बसलो, आणि अशा वेळी दर पुरुषाला आठवते ते महत्त्वाचे काम आठवू लागलो. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईंनी सुई उजेडाकडे धरली, दोऱ्याचे टोक थुंकीने ओले केले आणि पाचसहा वेळा नेढ्याच्या आजूबाजूला भोसकले. मी हात पुढे केला. ओवून दिली. लगेच दुसरीची आली, मग तिसरीची. त्या बायकांत साठीच्या आतले कोणी नव्हते आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या दोघी होत्या. पुढच्या शनिवारी मी पोचताच वीस सुया आणि दोऱ्याचे रीळ माझ्यापुढे सरकले. माझी नेमणूक झाली होती. शाळेतली नोकरी मिळायला मला चार वर्षे लागली होती.

त्या सोप्यात मी काय शिकलो ते सांगू लागलो तर अंक पुरणार नाही. पहिली गोष्ट म्हणजे वाकळेचा हिशेब. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या केल्या की पावणेसात फूट लांबी येते, उंच माणसाचेही पाय झाकतात. सहावारीच्या तीनच घड्या, म्हणजे सहा फूट. वर-खाली धड कापड घालायचे, आत धोतरे, परकर, उपरणी, जे मऊ असेल ते. मऊ मात्र हवे. नायलॉनच्या साडीवर सुई कुरकुरते, कापड घसरते आणि पांघरले तर घाम टिपत नाही. मी एकदा उदार होऊन बाजारातून कोरे सुती कापड आणले. आत्तींनी ते बाजूला सारले. अंगावर झिजल्याशिवाय कापड वाकळेच्या कामाचे होत नाही, असे त्यांचे मत. त्यामुळे वाकळ पसरली की बायका तुकडे पाहत नाहीत, माणसे वाचतात. हे थोरल्या जावेचे, हे तिच्या पोरीच्या शाळेच्या झग्याचे, हे भांडून माहेरी गेलेल्या नणंदेचे; ती परत आली नाही, लुगडे राहिले.

दुसरी गोष्ट रंगांची. इथे तरी आपली विद्या कामी येईल म्हणून मी जलरंगात रंगचक्र काढून नेले. निळ्यासमोर नारिंगी, तांबड्यासमोर हिरवा, असे समजावून दिले. सर्वांनी आदराने ऐकले. नंतर चहा आला तेव्हा कपाचा डाग पडू नये म्हणून ते चक्र खाली घेण्यात आले. आणि मग त्याच बाईंनी दोन भडक तांबड्या पट्ट्यांच्या मध्ये एक विटलेला, जवळजवळ राखाडी झालेला हिरवा तुकडा असा ठेवला की मला बोलायला जागा राहिली नाही. बंगालच्या कांथ्यांवर दोऱ्याने हत्ती-घोडे काढतात, ते मी पुस्तकांत पाहिले आहेत. खाली कर्नाटकात कौदी शिवतात तीही पाहिली आहे. आमच्या वाकळेवर चित्र नसते. असतो तो नुसता दोरा, एकामागून एक चाललेला. आमच्यातल्या एक माळकरी बाई सांगत, कऱ्हाडच्या कॉलेजाला ज्यांचे नाव दिले आहे त्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे, अंगावर चिंध्यांचेच पांघरूण म्हणून. त्या हे सांगत आणि सुई टोचण्याआधी वाकळेला हात लावून कपाळाला नेत.

वर्षभरात माझ्या बैलगाड्या थांबल्या. टाका लहान झाला. तांदूळ नाही, पण गहू म्हणता येईल. सुनांची चर्चाही माझ्यासमोर होऊ लागली, आणि कधी कधी मत विचारले जाऊ लागले. आठवड्यातून तीन तास मी कोणाचा विधुर नव्हतो, की कोणाला ज्याच्याकडे पाहून चुकचुकावे असा मास्तर नव्हतो. सुया ओवणारा माणूस होतो. हसायचो. पहिल्यांदा मोठ्याने हसलो तेव्हा घरी आल्यावर बराच वेळ अपराध्यासारखे वाटत राहिले, हेही लिहून टाकतो.

2024 च्या उन्हाळ्यात मी ट्रंक पुन्हा उघडली. लेकीला विचारले. ती म्हणाली, “बघा तुम्ही.” हा होकार की नकार, हे ठरवण्याच्या भानगडीत न पडता मी वाकळ सोप्यात नेली. बारावी फेरी पुरी झाली, तेरावी झाली. जूनमध्ये लेक कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि घर आणखी मोकळे झाले. आणि मग माझा हात मंदावला. मधला चौकोन पाटाएवढा झाला, मग ताटाएवढा. तो बुजला की तिचे या घरातले शेवटचे काम संपले. मी एका शनिवारी वीतभर शिवू लागलो, पुढच्या शनिवारी बोटभर. दोनदा रात्री घरी बसून घातलेले टाके उसवले. कादंबरी लिहिणारा माणूस, त्याला वाटले, हे कोणाच्या ध्यानात येणार नाही.

आत्तींनी सर्वांसमोर काही विचारले नाही. बायका गेल्यावर त्या आत गेल्या आणि आपली वाकळ घेऊन आल्या. एकट्याने उचलवेना म्हणून मी दुसरे टोक धरले. त्यांचे यजमान मुंबईला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर सहा-सात महिन्यांनी ते गावी परतले, ते हीच वाकळ वळकटीत बांधून. गाळ्यात एका अंथरुणावर पाळीपाळीने दोघे झोपत, म्हणून ती भराभर विरली होती. आत्तींनी तिच्यावर आपले लुगडे घालून ती पुन्हा शिवली. यजमान वारल्यावर पुन्हा एकदा, त्यांचे धोतर घालून. सुनेने आपली साडी दिली तेव्हा तिसऱ्यांदा.

“आत काय काय हाय ते आता मलाबी आठवत न्हाई,” त्या म्हणाल्या. “मास्तर, वाकळ पुरी झाली म्हंजी काय व्हतंय? फाटली की वर दुसरं घालायचं. तुमी उगं रातीचं उसवत बसताय. दोरा वाया जातोय.”

मला ऐकू आले ते मुख्यतः दोऱ्याचे. तो माझ्या पैशाचा नव्हता.

त्या दिवाळीत लेक घरी आली. वसतिगृहात पहाटे गारठा लागतो, एक ब्लँकेट विकत घेऊ या, असे मी म्हणालो. ती फराळाचे ताट पुढे घेऊन खाली पाहत बसली होती. म्हणाली, “आईची द्या ना. झाली नाही का अजून?”

पाडव्याच्या दुपारी आम्ही ती आत्तींच्या सोप्यात पसरली. कोपऱ्यांवर पाटे ठेवले. दोन फेऱ्या राहिल्या होत्या. चार बाजूंना चार बायका बसल्या आणि मध्यावर पोचल्यावर आत्तींनी हात थांबवला. वाकळेला उपाशी ठेवू नये, तिच्या पोटात भाकरीचा तुकडा घालावा, ही त्यांची रीत. लेक म्हणाली, “आत्तीआजी, मुंग्या लागतील. हॉस्टेलमधून मलाच काढतील.” बराच खल झाला. शेवटी पाच दाणे तांदळाचे घालावेत असे ठरले. ते तिनेच घातले, आणि वरून टाकाही तिनेच घातला. तिचा टाका माझ्या पहिल्या टाक्याहून बरा होता, पण फार नाही. सुई मी ओवून दिली. गंजाचा तो ठिपका धुवून गेला नाही. बाराव्या फेरीच्या सुरुवातीला तो अजून आहे.

पुण्याला गेल्यावर चौथ्या-पाचव्या रात्री तिचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाले. मग म्हणाली, “बाबा, दिवा मालवल्यावर मी हात फिरवत जाते. कडेपासून आत. आईचे कुठं संपले ते बरोबर कळतं.”

“कसं?”

“तुमचे बोटाला लागतात.”

मी हसलो, तीही हसली. मग तिने आईची एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी झगा शिवताना दोघींनी माझा एक सदरा कापून टाकला होता आणि तो धोब्याने हरवला असे मला सांगितले होते. त्या धोब्याला मी काय काय बोललो होतो, ते मला आठवले. आम्ही तासभर बोलत होतो.