चूल : प्रतिमा आणि वस्तू

मराठी वाङ्मयात चूल पुष्कळ जळली आहे, पण ती नीट पाहिली गेली आहे असे मात्र म्हणवत नाही. ‘घरोघरी मातीच्या चुली’ या म्हणीपासून ‘चूल आणि मूल’ या शब्दप्रयोगापर्यंत आणि बहिणाबाईंच्या संसारावरील कवितेपासून साठोत्तरी ग्रामीण कथेपर्यंत चूल सर्वत्र आहे; परंतु ती आहे ती प्रतिमा म्हणून. दारिद्र्याची प्रतिमा, संसाराची, स्त्रीच्या दास्याची, क्वचित मायेचीही. आम्ही साहित्याचे शिक्षक ही यादी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. त्या चुलीत हवा कोठून शिरत होती, लाकूड किती ओले होते, धूर कोणत्या वाटेने बाहेर पडत होता, हे प्रश्न साहित्याच्या तासाला उपस्थित होत नाहीत.

ते एकदा झाले. द्वितीय वर्षाच्या वर्गात एका ग्रामीण कथेवर चर्चा चालू होती. कथेतील सून चुलीपुढे बसून रडते आहे आणि सासूने विचारताच ‘धूर गेला डोळ्यांत’ असे सांगते. मराठी कथेच्या वाचकाला हा प्रसंग नवा नाही. तो इतक्या वेळा आला आहे की त्याचा आता संकेतच झाला आहे. मी त्या सुनेच्या मौनाविषयी बोलत होते. तेवढ्यात तलासरीकडून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, “बाई, लाकूड ओलं असणार. सुक्या लाकडाचा एवढा धूर होत नाही.” वर्ग हसला, तिला मात्र विनोद करायचा नव्हता. पुढचा अर्धा तास आम्ही त्या ओल्या लाकडाविषयीच बोललो. सुनेच्या वाट्याला ओले लाकूड का आले? घरात सुके सरपण होते का, आणि असल्यास ते कोणासाठी राखून ठेवले होते? पावसाळ्यापूर्वी साठा झाला नसेल, तर त्या दिवसांत घरातील माणसे कोणाच्या शेतावर राबत होती? त्या घराची आणि गावाची सारी रचना एका लाकडाच्या ओलाव्यातून उलगडत गेली. कथालेखकाने हे सारे योजले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे.

मी सध्या विवळवेढे येथे राहते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून जाणाऱ्यांना हे गाव महालक्ष्मीच्या मंदिरामुळे ठाऊक असते. चैत्र पौर्णिमेपासून सुमारे पंधरा दिवस येथे जत्रा भरते, तेव्हा डहाणू-तलासरीतली आणि पलीकडे गुजरातेतली आदिवासी कुटुंबे लोटतात. माझ्या खोलीच्या मागे पडवी आहे आणि पडवीत घरमालकीण मावशींची चूल. मावशी वारली आहेत. त्या मला ‘बाई’ म्हणतात, मी त्यांना ‘मावशी’. त्यांच्याकडे गॅसचे सिलिंडर आहे. चहा, पाहुण्यांचा नाश्ता आणि ऐन पावसातली घाई यांसाठी ते वापरले जाते. भात, डाळ आणि नागलीची भाकरी चुलीवर. त्यांच्या चुलीपाशी बसून गेल्या दोन वर्षांत जे शिकले ते येथे माझ्या भाषेत मांडते आहे. त्यांच्या बोलीत ते पुष्कळच थोडक्यात होते.

चुलीचे काम चुलीपाशी सुरू होत नाही, ते होळीच्या सुमारास सुरू होते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. होळीनंतर आणलेले सरपण फोडून, जमिनीपासून वीतभर उंच रचून, वर आडोसा आणि बाजू मोकळ्या ठेवून वाळवले तर मृगाच्या आत ते कामाचे होते. जाड ओंडक्यांना दुसरा उन्हाळा लागतो. मावशी दोन लाकडे एकमेकांवर आपटून पाहतात. खणखणीत वाजले तर सुके, दबका आवाज आला तर परत रचणीत. टोकाला पडलेल्या चिराही त्या बघतात. ऐन, धावडा यांची लाकडे निखाऱ्यासाठी चांगली, चिकूच्या वाडीतल्या छाटणीच्या फांद्या पेटवणीला आणि चटकन होणाऱ्या स्वयंपाकाला, हा त्यांचा हिशेब.

पाणी उडवण्यात उष्णता खर्ची पडते हे कोणालाही पटेल, पण खरे नुकसान त्याहून मोठे आहे. लाकूड सरळ जळत नाही. आधी त्यातील पाणी जाते, मग ते तापून त्यातून वायू सुटतात. सुक्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग असा वायुरूपाने निघून जातो, आणि ज्वाळ म्हणजे हे वायू जळणे. मागे उरतो तो निखारा. वायूंना पेटण्यापुरती उष्णता आणि हवा मिळाली नाही, तर ते तसेच बाहेर पडतात. त्यालाच आपण धूर म्हणतो. म्हणजे धूर हे न जळलेले सरपण होय. डोक्यावरून वाहून आणलेल्या मोळीचा तो भाग, जो भाताखाली न लागता माणसाच्या छातीत गेला. ओले लाकूड ज्वाळेला थंड करते आणि हा भाग वाढवते. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण आपण निरपराधाच्या नशिबाविषयी वापरतो. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला तिचा शब्दशः अर्थही कळतो: ओले जळते ते सुक्याच्या जिवावर, आणि सुक्याची धग घालवून.

मावशी चूल कधी भरत नाहीत. अंगठ्याएवढी जाड दोन-तीन लाकडे, त्यांची टोकेच काय ती जाळात. टोक जळत जाईल तसे लाकूड बोटभर पुढे सारायचे. डाळीला उकळी आली की लाकूड मागे ओढायचे, झाकण घालायचे आणि उरलेले काम निखाऱ्यांवर सोडायचे. जाळावर भाकरी टाकायची, निखाऱ्यावर फुगवायची. वैलावर पाणी तापतच असते. चुलीच्या तोंडाशी लाकडे लोखंडी सळ्यांच्या एका जुन्या जाळीवर ठेवलेली आहेत, त्यामुळे हवा खालून जाते आणि फुंकणी क्वचितच हाती घ्यावी लागते. भांडे टेकते त्या तीन उंचवट्यांची उंचीही त्यांनी सारवता सारवता ठरवलेली आहे. ती कमी झाली तर भांड्याचा गार तळ ज्वाळ विझवतो आणि काजळी धरते. जास्त झाली तर जाळ बाजूने निसटतो. बोटभर फट पुरते. पेटवताना प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि टायरचे तुकडे घालण्याची रीत आजूबाजूच्या घरांत आहे. मावशी सुके गवत आणि चिकूच्या काटक्या वापरतात, रॉकेल तर नाहीच. प्लॅस्टिकच्या धुरातले विष स्वयंपाकघरात सोडण्याइतकी कोणतीही घाई महत्त्वाची नसते.

सुरक्षिततेच्या बाबतीत त्यांचे नियम कडक आहेत. कुडाच्या भिंतीपासून चूल दोन हात दूर. पदर खोचलेला, अंगावर सुती लुगडे. चुलीबाहेर आलेल्या लाकडाच्या शेपटात कोणाचा पाय अडकू नये म्हणून ती एकाच बाजूला. रात्री निखारे राखेखाली पुरून वर पालथे घमेले. थंडीत निखाऱ्याची शेगडी झोपायच्या खोलीत नेणे त्यांच्या घरात निषिद्ध आहे. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण बंद खोलीत त्यातून सुटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

हे सारे मी एवढ्या तपशिलाने लिहिते आहे याला घरचे कारण आहे. माझी आजी साताऱ्याकडची. तिचे स्वयंपाकघर माजघराच्या मागे, खिडकी नावापुरती, तुळया डांबर फासल्यासारख्या काळ्या. साठी ओलांडल्यावर तिला दम लागू लागला. शहरातल्या डॉक्टरांनी तपासून विचारले, “विडी-तंबाखू ओढायच्या का?” आजीने आयुष्यात विडी हातात धरली नव्हती. ती चिडली नाही, लाजली. वडिलांनी तिच्या वतीने ‘नाही’ म्हटले. चुलीविषयी कोणी विचारले नाही, आणि आमच्यापैकीही कोणी ते सांगितले नाही, कारण चूल हे कारण असू शकते हे कोणाला सुचलेच नाही. फुप्फुसाच्या वाटा कायमच्या अरुंद करणारा तो आजार धूम्रपान न करणाऱ्या बायकांना चुलीच्या धुराने होतो, हे पुढे वाचनात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे 2020 या एका वर्षात जगभर सुमारे 32 लाख माणसे दगावली. चुलीच्या खरपूस चवीवर ललित लेख लिहिणाऱ्यांबद्दल माझ्या मनात थोडी अढी आहे, ती आजीमुळे.

परंतु चूल टाकून द्या, असे म्हणणेही मला सोपे वाटत नाही. उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली आणि शेगड्या खेडोपाडी पोचल्या. तरी 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी ग्रामीण कुटुंबे 43 टक्क्यांच्या आसपासच होती. 14.2 किलोचे सिलिंडर एकदम भरावे लागते आणि त्याचे पैसे एकदम द्यावे लागतात. मोळी मात्र रोज थोडी थोडी आणता येते. मजुरीवर जगणाऱ्या घरात हा फरक निर्णायक ठरतो.

शिवाय या भागात लाकडाला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्याच्या जंगलांतून मुंबईला सरपण आणि कोळसा जात असे. 1878च्या वनकायद्यानंतर जंगलावरचे आदिवासींचे हक्क आक्रसत गेले. 1945 साली वारली उठले ते वेठबिगारीविरुद्ध, आणि त्या लढ्यात गवतकापणीच्या आणि जंगलकामाच्या मजुरीचा प्रश्नही होता. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आपण अभ्यासक्रमात वाचतो, ते याच मातीतले. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि त्याच तालुक्यात 1995 मध्ये 500 मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. त्या केंद्राचे धुराडे पावणेतीनशे मीटर उंच आहे. तालुक्यातल्या कित्येक स्वयंपाकघरांना पावणेतीन मीटरचेही नाही.

चुलीला धुराडे द्यावे हे सुचायला उशीर झाला असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून ‘मगन चूल’ आली. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम 1980च्या दशकाच्या आरंभी सुरू होऊन 2002 पर्यंत चालला. कागदोपत्री तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. त्यांतल्या पुष्कळ काही वर्षांत तुटल्या वा गोठ्यात गेल्या. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी धुराड्याच्या चुलींचा काही वर्षे मागोवा घेतला, तेव्हा पहिल्या वर्षी दिसलेला फायदा पुढे नाहीसा झालेला आढळला: चुली नियमित वापरल्या जात नव्हत्या, दुरुस्त केल्या जात नव्हत्या. महाराष्ट्रात याबाबत चिकाटीने काम करणाऱ्यांत आनंद कर्वे हे नाव महत्त्वाचे आहे. त्यांनी 1996 मध्ये पुण्यात ‘आरती’ ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था उभी केली. आपल्या वाचकांना त्यांची ओळख वेगळ्या वाटेने पटेल: ते इरावती कर्वे यांचे चिरंजीव आणि गौरी देशपांडे यांचे बंधू. आईने ‘युगान्त’मध्ये खांडववन गिळणाऱ्या अग्नीविषयी लिहिले, मुलाने मूठभर सरपणात भात कसा शिजेल याचा विचार केला. हा योगायोग मला आवडतो, त्यातून अधिक काही काढू नये.

गेल्या उन्हाळ्यात मावशींच्या चुलीला धुराडे बसवण्याचे ठरले. त्यांचा पहिला आक्षेप अनपेक्षित होता. धूर गेला तर वाशांना आणि बांबूंना कीड लागेल, आणि वर टांगलेल्या बियाण्यालाही. आक्षेप रास्त होता. धुराने या घरांची छपरे खरोखरच राखली आहेत. पाहणी करणाऱ्या कोणत्या अधिकाऱ्याच्या तक्त्यात धुरासाठी ‘उपयोग’ असा रकाना असतो? शेवटी तोड त्यांनीच काढली. बियाणे राखेत कालवून गाडग्यात ठेवायचे, आणि वर्षातून दोनदा घर मोकळे करून, मुलांना बाहेर काढून, मुद्दाम धुरी द्यायची.

नळी पत्र्याची घेतली, कौलांच्या आढ्याच्या दोन फूट वर नेली, म्हणजे वारा धूर खाली लोटणार नाही. छपरातून जाते तेथे लाकडाला ती टेकू नये म्हणून भोवती हातभर जागा मोकळी ठेवून पत्र्याची चौकट बसवली. वैलामागच्या भोकाला नळी जोडताना चुलीचे तोंड थोडे लहान करावे लागले; ते मोठे राहिले असते तर धुराड्याने जाळच ओढून नेला असता आणि सरपण वाया गेले असते. पहिल्या पावसात चौकटीतून गळले, मावशींच्या मुलाने डांबर लावले. महिन्यातून एकदा दोरीला चिंध्यांचा बोळा बांधून नळी वरून खाली ओढतात. पहिल्या खेपेला घमेलेभर काजळी निघाली. मावशी ती बराच वेळ बघत उभ्या होत्या. मग पाटीत भरून त्यांनी ती मागच्या खड्ड्यात पुरली आणि मला म्हणाल्या, नात आली की आता तिला चुलीपाशी बसू द्यायला हरकत नाही, फक्त पदराऐवजी ती ओढणी घालते, ती आधी बांधायला शिकवावी लागेल.