डोया आणि डोळा

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात बारावीचा निकाल लागला की घरोघरी तीच चर्चा: इंजिनिअरिंग, बी.एस्सी. की जवळच एमआयडीसीत काम? त्यात एखादं पोरगं म्हणतं, "मले नाटक शिकाचं आहे." आईचा प्रश्न लगेच येतो, "मंग पोट कायनं भरशील?"

प्रश्न रास्त आहे. म्हणूनच प्रवेशाची तयारी करून घेणारा शिक्षक संवादांना हात घालण्याआधी पोराला कुठे काय शिकता येतं ते मांडायला कागद-पेन घेऊन बसवतो.

बारावीनंतर थेट जायचं तर पुणे विद्यापीठाचं १९८७ साली सुरू झालेलं ललित कला केंद्र आहे. तिथे गुरुकुल पद्धतीने नाटक, संगीत, नृत्य शिकवतात. सतीश आळेकरांनी बरीच वर्षं त्याची धुरा सांभाळली. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ साली वामन केंद्रे यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिथला दोन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, आणि त्यासाठी पदवीबरोबर नाटकांत केलेल्या कामाचा अनुभवही लागतो. म्हणजे दिल्लीचं स्वप्न असेल तर आधी यवतमाळ-अमरावतीत कॉलेज करायचं, एकांकिका करायच्या, पडदे ओढायचे, प्रकाशयोजनेच्या वायरी गुंडाळायच्या. ही वर्षं वाया जात नाहीत.

फॉर्म भरण्याआधी त्या संस्थेतल्या मुलांचा एखादा प्रयोग बघून यावा. एक प्रयोगही दिशा बदलू शकतो: महेश एलकुंचवारांना सिनेमाचं तिकीट मिळालं नाही, म्हणून ते विजया मेहतांनी बसवलेलं तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!' बघायला गेले आणि नाटक लिहायला लागले. एलकुंचवारांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्याच पारव्याचा.

निवड चाचणीसाठी बहुतेक पोरं ऐतिहासिक नाटकातलं गर्जणारं स्वगत आणतात. आवाज चढतो, मान ताठ होते, आणि डोळ्यांत काहीच नसतं. अशा वेळी शिक्षक एलकुंचवारांचंच 'वाडा चिरेबंदी' पुढे ठेवतो. त्यातला चंदू म्हणजे घरासाठी ओझी वाहणारा, फारसं न बोलणारा भाऊ. दारात नादुरुस्त ट्रॅक्टर वर्षानुवर्षं उभा. लोहाऱ्याच्या पोराने असा वाडा पाहिलेला असतो, असा काकाही पाहिलेला असतो.

पहिल्या वाचनात तो पुस्तकी मराठी ओढूनताणून आणतो. "डोळा" म्हणताना अडखळतो, कारण घरी "डोया" म्हणतात. तालमीतला मित्र हसतो, "काहून थांबला बे?" शिक्षक त्याला दोन्ही म्हणायला लावतो. जीभ मागे वळवून टाळूला लावत "ळ" दहा वेळा, मग मोकळेपणाने "डोया" दहा वेळा. ळ घोटून घ्यावाच लागतो. उद्या संगीत नाटकातलं पद गायचं तर तो हवाच. पण त्यासाठी वऱ्हाडी पुसून टाकायची नसते. दोन्ही जिभेवर असणं ही नटाची कमाई आहे, आणि यवतमाळच्या बाजारात रोज कानावर पडणारी हिंदी ही तिसरी.

मग शिक्षक त्याच्या खांद्यावर खरोखरीचं धान्याचं पोतं देतो. चार फेऱ्या झाल्यावर श्वास लागतो, वाक्यं तुटतात, आवाज आपोआप खाली येतो. पाचव्या फेरीत पोतं काढून घेतात, तरी खांदा तसाच झुकलेला राहतो.

पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये रात्री बसताना तो बॅग त्याच खांद्यावर घेतो.