जगबुडीचं पाणी, घाणेवाडीचं

वाचणाऱ्या माणसाचा फोटो काढणं सोपं आहे, त्याच्या वाचनाचा फोटो काढणं फार अवघड. कॅमेऱ्याला दिसतं ते एवढंच: खाली गेलेली मान, मांडीवर कलंडलेलं पुस्तक, शेजारी साय धरलेला चहा. आत कुणाची होडी उलटतेय, कुणाचं घर फुटतंय, यातलं काहीच चेहऱ्यावर येत नाही. कादंबरी जितकी रंगते तितका चेहरा कोरा होत जातो आणि पापणीसुद्धा कमी लवते.

मूळचे हंगेरीचे छायाचित्रकार आंद्रे केर्तेस आयुष्यभर वाचणारी माणसं टिपत राहिले. त्यांचं ‘ऑन रीडिंग’ १९७१ साली आलं. गच्चीवर, खिडकीत, बाकावर, जिथे सापडतील तिथे वाचक. याच केर्तेसनी १९३३ साली पॅरिसमध्ये वेड्यावाकड्या आरशांतून देह ताणून, वितळवून ‘डिस्टॉर्शन्स’ ही मालिका केली होती. म्हणजे वास्तव वाकवायची विद्या हाताशी होती, तरी वाचकांना त्यांनी धक्का लावला नाही. मला त्या संयमाबद्दल आदर आहे. पण वाचक जिथे गेलाय तिथवर मला जायचं होतं आणि नुसत्या टिपण्याने ते साधत नव्हतं.

साधन माझ्या धंद्यातच होतं. जालन्यात आमचा स्टुडिओ लग्नसराईवर चालतो आणि लग्नाच्या अल्बममध्ये अशक्य गोष्टी रोजच घडतात. नवरी गुलाबाच्या पाकळ्यांत बसते, नवरदेव चंद्रावरून हात देतो. फिल्मच्या काळात अर्धी लेन्स झाकून एकाच निगेटिव्हवर एकाच माणसाला दोन खुर्च्यांवर बसवणारे कारागीर गावोगावी होते. अतिवास्तवाचा जाहीरनामा पॅरिसमध्ये १९२४ साली निघाला हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही याला साधं ‘मिक्सिंग’ म्हणतो. मी तेच मिक्सिंग वाचकांच्या घरात नेलं.

शेजारच्या काकू दुपारी ओसरीतल्या लोखंडी खाटेवर वाचत बसतात. त्या दिवसांत श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ चालली होती. १९८७ साली आलेली ही दोन खंडांची, चार पिढ्यांची कादंबरी, आणि तिच्या काठाने वाहणारी कोकणातल्या खेडची जगबुडी नदी. जालन्यात बसून जगबुडी कशी दिसत असेल? आमची कुंडलिका वर्षातला बराच काळ कोरडी असते. २०१२-१३च्या दुष्काळात शहर टँकरवर जगलं. काकू कोकणात कधी गेलेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, “मला तर बाबा घाणेवाडीचा तलावच दिसतो. फक्त वाहता.”

मला माझा फोटो तिथे सापडला. कादंबरीतली नदी लेखक देतो, पण तिच्यातलं पाणी वाचक आपल्या गावचंच भरतो. मग चित्रातही कोकण आणायचं कारण नव्हतं. इंटरनेटवर खाडीचे हवे तेवढे फोटो मिळतात. त्यातला एखादा चिकटवला असता तर ते पर्यटनाचं पोस्टर झालं असतं, काकूंचं वाचन नव्हे.

आधी रिकाम्या ओसरीची फ्रेम घेतली. कॅमेरा तिपाईवर, खाटेच्या पट्टीच्या उंचीला, सगळं मॅन्युअलवर. मग काकू. त्यांना पोज दिली नाही. पोज दिली की माणूस पुस्तक छातीपर्यंत उचलतो, चेहरा दिसावा म्हणून. खरा वाचक पुस्तक खाली उतरू देतो आणि अंगठा पुढच्या पानाखाली आधीच सरकवून ठेवतो. शटरचा आवाज त्यांच्या कानाआड होईपर्यंत थांबलो. “काकू, झालं,” म्हटलं तर मान वर न करता त्या म्हणाल्या, “थांब रे, एवढं प्रकरण होऊ दे.”

नंतर घाणेवाडीला गेलो. निजामाच्या काळातला हा तलाव, जालन्याचा जुना पाण्याचा आधार. ओसरीत ऊन डावीकडून येत होतं, म्हणून तिथेही ऊन डावीकडून येईल अशी वेळ धरली. तीच लेन्स ठेवली आणि पाण्यापासून कॅमेऱ्याची उंची तीच, कारण क्षितिज दोन बोटं जरी वरखाली झालं तरी पाणी फरशीवर बसत नाही, तरंगतं. खाटेच्या पायांचं प्रतिबिंब संगणकावर रंगवलं तर खोटं दिसतं. त्यासाठी खाटेखाली काळा ॲक्रिलिकचा पत्रा टाकून ते वेगळं टिपलं. खाटेचा पाय पाण्यात शिरतो तिथे एक बारीकशी गडद कड लागते. ती नसेल तर सगळा खेळ उघडा पडतो.

अमेरिकेचे जेरी युल्समन हे सारं डार्करूममध्ये, अनेक एन्लार्जर ओळीने मांडून करायचे. १९७६च्या त्यांच्या एका चित्रात अभ्यासिकेला छताऐवजी ढग आहेत. ते पटतं, कारण ढगांचा उजेड आणि खोलीचा उजेड एकमेकांशी भांडत नाहीत. अशक्य गोष्टीला वजन हवं, सावली हवी.

पण तंत्राच्याही वरची अट वेगळी आहे: वाचकाने त्या पाण्याकडे पाहता कामा नये. उघड्या पुस्तकातून जहाजं, घोडे बाहेर उडताहेत आणि वाचक डोळे विस्फारून पाहतोय, अशी चित्रं खूप होतात. ती मला साफ चुकीची वाटतात. जो चकित झाला तो वाचनातून बाहेर आला. काकूंच्या घोट्यापर्यंत पाणी आहे, चपला तरंगताहेत, चहाचा कप काठाशी आलाय आणि त्यांचा अंगठा पुढच्या पानाखाली आहे. चित्र उभं राहतं ते त्या अंगठ्यावर.

कथाच मुळात गूढ असेल तर हात आणखी आखडावा लागतो. भारत सासणे जन्माने जालन्याचे. त्यांच्या कथा वाचणाऱ्या एका तरुणाचा फोटो सध्या करतोय, जुन्या जालन्यातल्या एका वाड्यात. तिथे पाणी नाही, ढग नाहीत. फक्त भिंतीवरची त्याची सावली पान उलटून पुढे गेलीय आणि तो अजून मागच्या पानावर आहे. सावली वेगळी टिपायची तर दिवा एकच हवा. वाड्यात खिडकीचा उजेडही आत येतो, म्हणून अमावास्येच्या आसपासची रात्र बघून ठेवलीय.

ओसरीचा फोटो छापून काकूंना दिला. बराच वेळ पाहून त्यांनी एकच सांगितलं, पाणी आणखी वर पाहिजे होतं, दुसऱ्या खंडात ते गुडघ्याच्या वर जातं. मी मूळ फाइल पुन्हा उघडलीय.